हजेरीपटांत नांव, मिरचींत पोर

माघ सरला कीं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखांत शाळा ओस पडूं लागतात. धान कापून झालेलें असतें, घरांत काम नसतें, आणि मुकादमाची गाडी दारांत उभी राहते. आईबाप तेलंगणांत मिरची तोडावयास जातात. मागें सांभाळणारें कोणी नाहीं म्हणून पोरेंही जातात. आम्ही मास्तर पटावरील नांव पुकारतों, पण ओ देणारें पोर तिकडे तिखटानें बोटें पोळून घेत असतें. पट टिकावा म्हणून त्याला हजर मांडण्याचा मोह आमच्या जातभाई मास्तरांस होतो, हेंही कबूल केलें पाहिजे.

कायदा नाहीं असें नाहीं. पोराची मजुरी गहाण टाकून पैसा घेण्याचा करार १९३३ च्या कायद्यानेंच रद्दबातल ठरविला. १९८६ चा कायदा २०१६ सालीं सुधारला. तेव्हांपासून १४ वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यांत व १४ ते १८ वयाच्यांस खाणीसारख्या धोक्याच्या कामावर ठेवतां येत नाहीं. मोडणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षें कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही.

मग पोरें शेतांत दिसतात कशीं? शाळा सुटल्यावर वा सुटींत घरच्या बिनधोक कामास मुलानें हात लावला तर कायदा आड येत नाहीं. सुटींत आईबरोबर मोहफुलें वेचणाऱ्या मुलास आम्हीही दोष देत नाहीं. पण परक्याचें शेत हा काय आपला घरधंदा? जेथें मजुरी वजनावर मोजतात, तेथें वहींत नांव बापाचें आणि पाटींत माल पोराच्याही हातचा! मालक म्हणतो, "मीं पोर कामावर ठेवलेंच नाहीं." अशानें पोराची मेहनत फुकट जाते व मोठ्यांचा भावही वर चढत नाहीं.

एप्रिल २०२० च्या टाळेबंदींत छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यांतील १२ वर्षांची मुलगी तेलंगणांतील मिरचीच्या शेतावरून पायीं घरीं परततांना वाटेंत मेली. तेंच रान, तीच वाट आपल्या पोरांचीही आहे.

"पोर मागें ठेवलें तर त्याला खाऊं कोण घालील?" हा आईबापांचा सवाल खरा आहे, नुसत्या उपदेशानें तो सुटत नाहीं. म्हणून ज्या ग्रामसभा वनहक्काच्या बळावर तेंदूपान स्वतः विकतात, त्यांनीं त्या पैशांतून हंगामापुरती मुलांच्या जेवणाची व रात्रीच्या देखरेखीची सोय करावी. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. ठराव करून ती मागावी. गाडी निघण्यापूर्वीं गांवानें मुलें उतरवून घ्यावींत. मुकादम ऐकत नसेल तर १०९८ या क्रमांकावर कळवावें.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सक्तीचें शिक्षण मागितलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत तें सुरू केलें. २००९ सालीं ६ ते १४ वयाच्या मुलांचा तो कायदेशीर हक्क झाला. एवढ्या वर्षांनीं मिळालेला हक्क मिरचीच्या पाटींत टाकूं नका. आणि मास्तरांनो, गैरहजराला गैरहजरच मांडा. खोट्या पटानें पोर झांकलें जातें, वांचत नाहीं.