स्वस्त प्लॉट घेण्याआधी

करमाळ्यात हल्ली घरोघरी प्लॉटची चर्चा चालते. गावाबाहेर स्वस्त मिळतो म्हणून पुरुष मंडळी इसार देऊन मोकळी होतात. आम्हाला शाळेत त्याची दुसरी बाजू दिसते. घर लांब गेले की आठवी-नववीतल्या मुलींची गैरहजेरी वाढते. गाडी एकच, ती अब्बा सकाळी घेऊन जातात. मग शाळा, दवाखाना, दळण सगळे पायी किंवा रिक्षाने. आपले रेल्वे स्टेशनही जेऊरला, म्हणजे कुठेही निघायचे तर आधी एस.टी. स्टँड गाठावा लागतो.

तेव्हा इसारापूर्वी घरातल्या बायकांना घेऊन प्लॉटपासून स्टँडपर्यंत एकदा चालून पाहा, तेही मगरिबनंतर. सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशातला रस्ता तपासा. दलालाने दाखवलेली पायवाट म्हणजे रस्ता नव्हे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, तो खर्च भावात धरा. ओढ्याकाठचा प्लॉट उन्हाळ्यात पाहून घेऊ नये, हे सर्वांना ठाऊक असते, तरी लोक घेतातच.

गावात वडिलोपार्जित घर पडून असेल तर तेच नव्याने बांधणे आम्हाला बरे वाटते. शाळा, मशीद, बाजार हाकेवर. त्यात बहिणींचाही हिस्सा असतो. तो देऊन मगच जुन्या भिंतीला हात लावा.