विवाहाचा दाखला हा परवाना नव्हे

वासनेवर प्रवचन झाले की आपल्या धर्मग्रामांत सर्वांची नजर बाहेर वळते. दोष चित्रपटांचा, दोष मोबाइलचा, दोष शहरातल्या नोकरीचा आणि हमखास मुलींच्या पोशाखाचा. विवाहित पुरुष मात्र बाकावर निश्चिंत बसलेला असतो. परस्त्रीच्या वाटेला आपण गेलो नाही, म्हणजे सहावी आज्ञा पाळली, असा त्याचा हिशेब. आमचा आक्षेप ह्या हिशेबालाच आहे.

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:२७-२८) प्रभूने व्यभिचाराचे मूळ पाहणाऱ्याच्या अंतःकरणात दाखविले. जिच्याकडे पाहिले गेले त्या स्त्रीच्या वेषभूषेबद्दल तेथे अवाक्षरही नाही. तरीही त्याच वचनाचा आधार घेऊन आपण मुलींच्या बाह्या मोजत बसतो!

८ ऑक्टोबर १९८० रोजी, बुधवारच्या सार्वजनिक भेटीत, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ह्या वचनाचा आणखी खोल अर्थ उलगडला. ती स्त्री कोणाची, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. तेव्हा पती आपल्या पत्नीकडे केवळ वासनापूर्तीचे साधन म्हणून पाहत असेल, तर तोही अंतःकरणात व्यभिचारच करतो, असे त्यांनी स्पष्ट केले. पाश्चात्त्य वृत्तपत्रांत गदारोळ उडाला, टिंगल झाली. स्वतःच्या बायकोची ओढ वाटणे हेही आता पाप ठरले, असा विपर्यास करण्यात आला. वास्तविक १९७९ ते १९८४ ह्या काळात चाललेल्या त्या प्रवचनमालेत त्यांनी मानवी देहाचा आणि पतिपत्नींच्या परस्पर ओढीचा गौरवच केला आहे. माणसाची वस्तू करणे, एवढेच त्यांनी नाकारले.

हे काही त्यांचे एकट्याचे मत नव्हते. पोप पॉल सहावे ह्यांचे १९६८ सालचे ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक कुटुंबनियोजनाच्या साधनांवरून सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिपत्रकाच्या १३ व्या परिच्छेदात, जोडीदाराची अवस्था आणि रास्त इच्छा ध्यानात न घेता लादलेला संबंध ही प्रेमाची कृती नव्हे, असे बजावले आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये त्याची पुन्हा आठवण करून दिली. साधनांच्या बंदीवर तावातावाने बोलणारे वक्ते आम्ही पुष्कळ ऐकले. हा परिच्छेद वाचून दाखविणारा क्वचितच भेटला.

संत पौलाचेही आपण असेच अर्धे ऐकतो. पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आहे, हे वाक्य अनेक पुरुषांना तोंडपाठ असते. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात त्याच चौथ्या वचनात, पतीच्या देहावरही तितकाच पत्नीचा अधिकार आहे, असे प्रेषित लगेच सांगतो. त्या काळच्या ग्रीक-रोमन जगात हे बोलणे केवढे धाडसाचे होते! आपल्याकडे आजही ते धाडसाचेच वाटते, ही शरमेची बाब आहे.

देशाच्या कायद्याकडे बोट दाखवूनही सुटका नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ पतीच्या संमतीने घडलेल्या परस्त्रीसंबंधाला व्यभिचाराचा गुन्हा मानतच नव्हते, जणू पत्नी ही त्याची मालमत्ताच. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द केले, त्याचा शोक आम्ही करणार नाही. उलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, सज्ञान पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवणारा अपवाद (कलम ६३) तसाच राखला गेला. कायद्याने दिलेली सूट ही ख्रिस्तसभेने दिलेली सूट नव्हे, हे आपल्या धर्मपीठांवरून कोणी सांगितले काय?

घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असे आम्हांला विचारले जाईल. ज्याला सोसावे लागत नाही, त्याला मौन सोयीचे वाटते. दिवसभर राबून थकलेली, आजारी किंवा बाळंतपणातून नुकतीच उठलेली पत्नी ‘आज नको’ म्हणते आणि नकार दिला म्हणून आपणच पाप केले, अशा समजुतीने मनात कुढते. तिची ही समजूत आपल्याच अर्धवट शिकवणुकीने झाली आहे. ती दुरुस्त करणे हेही आपलेच काम आहे.

विवाहपूर्व शिबिरांत विधीच्या तयारीवर आणि कागदपत्रांवर बराच वेळ जातो. त्यातला थोडा वेळ काढून १३ वा परिच्छेद मराठीतून वाचून दाखवावा, आणि तो वरांना वेगळे बसवून नव्हे, तर वधूवरांना एकत्र बसवून.