चाक आपले की भाड्याचे?



मागल्या बाजाराच्या दिवशी चिखलीला आमच्या कार्यालयात एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. घरची सात एकर जमीन, सोयाबीन-हरभऱ्याचे पीक. मुलगा एका बियाणे कंपनीत विक्री प्रतिनिधी म्हणून लागलेला. बुलढाणा, जालना, वाशीम असे तीन जिल्हे त्याला फिरावे लागतात. मोटारसायकलवर ऊन-पाऊस सोसवत नाही, म्हणून चारचाकी घ्यायची होती.

"साहेब, पोरगं म्हनते लीजवर घेऊ. म्या म्हनतो दोन एकर गहाण टाकू अन् आपल्या नावावर घेऊ. तुम्हीच सांगा," गृहस्थ म्हणाले.

जमिनीचे नाव निघाले तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. असा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे, म्हणून आमचे बोलणे येथे देतो.

प्रथम दोन्ही रीती समजून घ्याव्या. कर्ज काढून घेतलेली गाडी आपल्या नावावर असते. सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा बोजा चढतो, तसा बँकेचा बोजा आरसी बुकावर चढतो. हप्ते फिटले, की बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 आरटीओत देऊन तो उतरवायचा. लीज म्हणजे मक्त्याने केलेले शेत. गाडी कंपनीच्या मालकीची, आपण महिन्याचे भाडे भरायचे, मुदत संपली की गाडी परत. बहुतेक करारांत विमा आणि सर्व्हिसिंग त्या भाड्यातच धरलेले असते आणि सुरुवातीला मोठी रक्कम लागत नाही. मुलाला भुरळ पडली ती याचीच.

मी मुलाला विचारले, "बाबा, तुझी गाडी वर्षाला चालणार किती?" त्याने हिशेब केला. दिवसाला 100 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस. म्हणजे वर्षाचे 30,000 किलोमीटर. मग त्याने आणलेला लीजचा कागद वाचला. त्यात वर्षाला 15,000 किलोमीटरची मर्यादा होती आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला 8 रुपये जादा. मुलाने फक्त महिन्याच्या भाड्याचा आकडा पाहिला होता.

आता हिशेब मांडू. आकडे या एका गाडीचे आहेत; तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच. डिझेल-पेट्रोल दोन्हीकडे सारखे, म्हणून सोडून दिले.

लीजचे भाडे महिना 19,000. पाच वर्षांचे 11 लाख 40 हजार. जादा 15,000 किलोमीटरचे वर्षाला 1 लाख 20 हजार, पाच वर्षांचे 6 लाख. एकूण 17 लाख 40 हजार, आणि शेवटी हाती काही नाही.

कर्जाने घेतली तर गाडी 8 लाखांची. 2 लाख आपले, 6 लाख बँकेचे, 10 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी. हप्ता सुमारे 12,750. पाच वर्षांत हप्ते आणि आपले 2 लाख मिळून 9 लाख 65 हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांना वर्षाला 50 हजार, म्हणजे अडीच लाख धरा. दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी अडीच लाखांना गेली असे समजा. आपल्या 2 लाखांचे बुडालेले व्याज धरले तरी खर्च साडेदहा लाखांच्या आत राहतो. शिवाय गाडी विकली नाही, तर पुढे बिनहप्त्याची चालते.

मग लीज कोणी घ्यावी? ज्याची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालते आणि दुरुस्तीची कटकट नको म्हणून चार पैसे जादा द्यायची तयारी आहे, त्याने जरूर विचार करावा. जास्त चालवणाऱ्याला घ्यायचीच असेल, तर जास्त किलोमीटरचा करार आधीच मागावा. नोकरी मध्येच सुटली तर गाडी परत करताना किती दंड, परत देताना ओरखडे-पोच्यांचे किती कापतात, हेही लिहून घ्यावे.

कर्जातही खड्डे आहेत, त्यातल्या एकात मी स्वतः पडलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मोटारसायकल हप्त्याने घेतली. व्याज ऐकून स्वस्त वाटले. ते 'फ्लॅट' होते हे पुढे कळले. फ्लॅट व्याज फिटलेल्या मुद्दलावरही चालू राहते. वरचेच 6 लाख फ्लॅट 10 टक्क्यांनी घेतले तर हप्ता 15,000 पडतो आणि व्याज 3 लाख. घटत्या शिलकीवर तेच सुमारे 1 लाख 65 हजार. म्हणजे नावाला 10 टक्के, खरे सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कर्जांना मुख्य तथ्यांचा एक तक्ता द्यावाच लागतो. सगळा खर्च धरून वर्षाचे खरे व्याज त्यात छापलेले असते. तो मागून घ्या, घरी आणा, शिकलेल्या सुनेला-लेकीला वाचायला लावा, मगच सही करा.

दुसरे, पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नये. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ वेळेत फेडणाऱ्यालाच मिळतो. गाडीत पैसा अडकला, की पीककर्ज थकते आणि सवलत जाते.

हाच हिशेब ट्रॅक्टरला उलटा लागतो. सात-आठ एकरांच्या धन्याचा ट्रॅक्टर वर्षातले बहुतेक दिवस अंगणात उभा असतो, हप्ता मात्र उभा राहत नाही. बाहेरची कामे हाताशी असतील तर घ्यावा. नाही तर गावातल्या औजार बँकेतून किंवा शेजाऱ्याकडून भाड्याने आणावा. पळणारे चाक आपले असावे, उभे राहणारे भाड्याचे.

शेवटी गृहस्थांना म्हटले, "भाऊ, गाडी दरवर्षी उतरत जाते. तिच्यासाठी जमीन गहाण टाकू नका." मुलाची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ठरले ते असे: नोकरी पक्की होईपर्यंत मोटारसायकल, तोवर मुलाने हप्त्याएवढी रक्कम दरमहा बँकेत टाकायची. टाकता आली, तर हप्ता झेपतो हेही कळेल आणि सुरुवातीचे 2 लाखही हळूहळू जमतील.

मुलगा थोडा हिरमुसला. बाप मात्र उठताना म्हणाला, "साहेब, दोन एकर वाचले बाप्पा." मी म्हटले, आता सोयाबीनची मळणी वेळेवर करा, बाकीचे त्यामागून येईल.