शेवटचा बांध

यंदा श्रावणात मी एका भलत्याच उद्योगात पडलो. मराठी शिकवणाऱ्या माणसाने ज्ञानेश्वरी मिटून राउटर हाती घ्यावा, याला ग्रहदशाच म्हणायची! पण कारणही तसेच होते. बार्शीपासून बारा किलोमीटरवर आमच्या दादांची शेतात वस्ती आहे. पुतणी बारावीला. शिकवणीच्या सूचना, सराव-परीक्षा, अर्ज, सारे इंटरनेटवर. घरात रेंज नाही, म्हणून पोर तिन्हीसांजेला माळवदावर चढून बसे. एकदा उतरताना पडली, पाय मुरगळला. दादा म्हणाले, "पुरे झालं. बारावी झाली की स्थळं बघू."

मी म्हणालो, "दादा, दसऱ्यापर्यंत मुदत द्या."

खरे तर बार्शीकराला हा प्रश्न नवा नाही. मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरूनच पुढे निघून गेली. बार्शीला गाडी आली ती १८९७ साली, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने अडीच फुटी रूळ टाकले तेव्हा. इंटरनेटचेही तसेच. देशात ते १९९५ साली सर्वांना खुले झाले. ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली, तिलाच आज भारतनेट म्हणतात. पण वस्तीवाल्याच्या दृष्टीने ग्रामपंचायत म्हणजे कुर्डुवाडीच! पुढचे दोन किलोमीटर ज्याचे त्याने पाहायचे.

प्रथम सिमकार्डाचा राउटर आणून त्याची अँटेना उंच बांबूवर चढवली. पहाटे ठीक चाले. संध्याकाळी सारा गाव त्याच टॉवरवर तुटून पडला की रांगू लागे. उपग्रहाचा विचार केला, तर तो ३६,००० किलोमीटर उंचीवर. प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद, आणि खर्च निराळा. केबलवाल्याने तारेसाठी लागणाऱ्या खांबांचा हिशेब सांगितला, तेव्हा दादांनी पाण्याचा तांब्या मागवला.

उरला एक मार्ग. गावातल्या उंच घरावर एक लहान अँटेना, वस्तीवर दुसरी, तार नको. मात्र दोघींची नजरानजर व्हायला हवी. मध्ये नेमकी वडिलांनी लावलेली चिंच! दादांची नजर कुऱ्हाडीकडे गेली.

"चिंच कशाला पाडता?" केबलवाला म्हणाला. "शेजारच्या माडीवर मधला टप्पा घेऊ की."

शेजार म्हणजे आमचे चुलतबंधू. बांधावरून बारा वर्षे बोलणे बंद. दादा गप्प, मीही गप्प. तेवढ्यात वहिनी चुलीपासून म्हणाल्या, "मी विचारते."

"तू? आपलं बोलणं नाही त्यांच्याशी!"

"तुमचं नाही. आम्ही जावा-जावा रोज विहिरीवर बोलतो."

वाचकहो, बारा वर्षांचे वैर आम्ही दोघे पुरुषच एकट्याने सांभाळत होतो, हे त्या दिवशी कळले! चार दिवसांत ठरले: माडी त्यांची, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आमची, आणि एक जोडणी त्यांच्याही मुलांना.

दसऱ्याला चुलतबंधू सोने द्यायला आले. बांधाचा वाद काही मिटलेला नाही. फक्त त्या दिवशी तो कोणी काढला नाही. पुतणी आता ओसरीवर बसून अभ्यास करते. स्थळांचा विषय तूर्त बंद आहे. तूर्त म्हणजे किती, हे मी विचारले नाही. पण परवा दादांनीच हळूच विचारले, "काय रे, पुण्याच्या कॉलेजचा अर्ज इथं बसूनच भरता येतो का?"