तळणीच्या तेलावर विमान

भज्यांची कढई उतरली की तळाचं काळं तेल जातं कुठे? बहुतेकदा मोरीत, नाहीतर स्वस्तात दुसऱ्या गाडीवाल्याच्या कढईत. याच तेलापासून विमानाचं इंधन करण्याचं प्रमाणपत्र इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये मिळालं. त्याआधी, मे २०२३ मध्ये, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने बनवलेलं जैवइंधन (तळणीच्या तेलाचं नव्हे) मिसळलेलं इंधन भरून प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

विमानाच्या इंधनात असं जैवइंधन मिसळण्याचं सरकारचं लक्ष्य मात्र बेताचंच : २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन, २०३० मध्ये पाच, तेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरतं. देशातले बहुसंख्य विमानप्रवासी देशांतर्गतच फिरतात, त्यांचं काय? हे इंधन साध्यापेक्षा कैक पट महाग, म्हणून कंपन्या अंग चोरतात, हे समजण्यासारखं आहे. पण खरी अडचण हवेत नाही, जमिनीवर आहे : वापरलेलं तेल गोळा करण्यात. पुन्हा पुन्हा तळल्याने तेलात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, हा नियम २०१८ पासून आहे. नाक्यावरच्या गाडीपाशी तो तपासायला कोण जातं? मोठ्या हॉटेलांचं तेल गोळा होईल. गल्लीबोळातल्या डब्यांना भाव आणि टेम्पो कोण देणार, हे आधी ठरवा.