ॲडमिनचा पासवर्ड सगळ्यांना कशाला?

छोट्या-मध्यम कंपन्या, आर्किटेक्टची ऑफिसं, स्वयंसेवी संस्था अशा अनेक ठिकाणी प्रकल्पाचं काम आता एक्सेलच्या फाइलींतून निघून सर्व्हरवर गेलं आहे. कुणी रेडमाइन बसवतं, कुणी जिरा घेतं, मोठ्या ठिकाणी मायक्रोसॉफ्टचा प्रोजेक्ट सर्व्हर असतो. कोणतं काम कोणाकडे, मुदत कधीची, किती तास गेले, क्लायंटशी काय ठरलं, हे सगळं एका जागी सापडतं. ही सोयच आहे. पण बसवताना घाई असते. कोणाला काय दिसावं आणि कोणाला काय बदलता यावं, हे ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं आणि ते नंतर कधी उजाडत नाही.

माझं सांगणं आयटीवाल्याला नाही, प्रकल्प चालवणाऱ्यांना आहे. आयटीवाला खाती काढून देईल, रोल म्हणजे परवानग्यांचे संच तयार करून देईल. पण सब-कॉन्ट्रॅक्टरला दुसऱ्याचे दर दिसावेत का, क्लायंटला आपली आतली चर्चा वाचता यावी का, हे त्याने कशावरून ठरवायचं? काम ज्याला माहीत आहे त्यानेच हे ठरवायला हवं. तुम्ही ठरवलं नाहीत, तर सॉफ्टवेअर ज्या सेटिंगसह आलं तीच चालू राहते.

उदाहरणाला रेडमाइन घेऊ. ते फुकट मिळतं, आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं, म्हणून लहान कंपन्यांना परवडतं. नव्याने बसवलं की त्यात पहिलं खातं ‘ॲडमिन’ नावाचं असतं आणि त्याचा पासवर्डही ‘ॲडमिन’च. ही काही गुप्त माहिती नव्हे, बसवण्याच्या सूचनांमध्येच ती छापलेली आहे. तेव्हा पासवर्ड बदलणं हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे तो बदललेला पासवर्ड ऑफिसभर न वाटणं. ॲडमिनला सगळे प्रकल्प दिसतात, सगळ्यांची खाती उघडता येतात, परवानग्यांचा अडसर त्याला लागूच होत नाही. दोन माणसांकडे हा अधिकार पुरे होतो, एक रजेवर गेला तर दुसरा असावा म्हणून. त्यांनीही रोजचं काम आपल्या साध्या खात्यातून करावं.

एका खात्यावर पाचजण काम करू लागले की सगळ्यात आधी इतिहास बिघडतो. रेडमाइनमध्ये कुणी मुदत पुढे ढकलली, काम दुसऱ्याच्या नावावर केलं, तर कोणी, कधी आणि कशाचं काय केलं याची नोंद आपोआप होते. तीन महिन्यांनी ‘ही तारीख कोणी बदलली?’ असा वाद उभा राहिला की हीच नोंद कामाला येते. पण तिथे ‘ॲडमिन’ एवढंच दिसलं, तर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. शिवाय २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. सामायिक खात्याच्या नोंदी जपूनही त्यातून माणूस सापडत नाही. म्हणून माणसागणिक खातं काढा. शिकाऊ मुलगा दोन महिन्यांसाठी आला असेल, तरी त्याला त्याच्या नावाचं खातं द्या.

आता परवानग्यांकडे वळू. रेडमाइनमध्ये परवानग्या माणसाला थेट मिळत नाहीत, रोलमधून मिळतात, आणि रोल प्रकल्पागणिक असतो. एकच इंजिनिअर एका प्रकल्पात मॅनेजर आणि दुसऱ्यात नुसता तक्रार नोंदवणारा असू शकतो. सुरुवातीची तयार माहिती भरून घेतली तर मॅनेजर, डेव्हलपर, रिपोर्टर असे तीन रोल मिळतात. नावं सॉफ्टवेअरवाल्यांची आहेत, ती खुशाल बदला. ‘साइट इंजिनिअर’, ‘हिशेब’, ‘क्लायंट’ असे रोल करा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवा: याचं काम कशावाचून अडेल? तेवढंच द्या. अडलं तर माणूस मागायला येईल. जास्त दिलेलं मात्र कोणी आपणहून परत करत नाही. क्लायंटच्या रोलला तर फक्त त्याने नोंदवलेली किंवा त्याच्याकडे सोपवलेली कामंच दिसावीत, अशीही सोय आहे. ती वापरा.

सगळ्यात जास्त फसवणारी खूण मात्र प्रकल्पाच्या पानावर असते: ‘सार्वजनिक’. रेडमाइनमध्ये नवा प्रकल्प काढला की ही खूण बहुधा आधीच लावलेली असते. त्यामुळे प्रकल्पाचा सदस्य नसलेल्या, पण खातं असलेल्या माणसालाही तो प्रकल्प उघडता येतो. एका क्लायंटला खातं दिलंत की दुसऱ्या क्लायंटचं काम त्याच्या डोळ्यांपुढे आलंच. ‘लॉगिन सक्तीचं’ ही सेटिंग बंद असेल आणि पाहुण्यांच्या रोलला पाहण्याची परवानगी असेल, तर खातंही लागत नाही. पत्ता माहीत असला की झालं. हे फक्त लहान ऑफिसांत घडतं असंही नाही. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामातले अंतर्गत कागद आणि पासवर्ड इंटरनेटवर उघडे सापडले होते. ट्रेलो या कामं मांडण्याच्या ॲपमधले बोर्ड आणि जिरामधली पानं चुकीच्या सेटिंगमुळे कोणालाही पाहता येत होती. कुणी कुलूप तोडलं नव्हतं, दारच उघडं होतं. म्हणून आजच प्रत्येक प्रकल्पाची ती खूण बघा. मग लॉगआउट करून, दुसऱ्याच ब्राउझरमध्ये आपल्या सर्व्हरचा पत्ता टाका आणि काय काय दिसतं ते डोळ्यांनी पाहा.

प्रोजेक्ट सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. त्याच्या स्वतःच्या पद्धतीत परवानगीला ‘होकार’ आणि ‘नकार’ असे दोन्ही पर्याय असतात, आणि माणूस दोन गटांत असेल तर एका गटातला नकार दुसऱ्यातल्या होकाराला मारतो. रेडमाइनमध्ये उलटं आहे. दोन रोल दिले की दोन्हींच्या परवानग्यांची बेरीज होते. त्यामुळे एका ठिकाणची सवय दुसरीकडे चालत नाही. दुसरी गोष्ट, २०१३ च्या आवृत्तीपासून तिथे परवानग्यांच्या दोन पद्धती आहेत, एक शेअरपॉइंटची आणि एक प्रोजेक्ट सर्व्हरची स्वतःची. एकीकडून दुसरीकडे गेलात की परवानग्यांची सगळी मांडणी पुसली जाते. ‘बघू तरी काय होतं’ म्हणून ते बटण दाबू नका.

माणसं येताना आपण नीट काळजी घेतो, जाताना विसरतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीच्या यंत्रणेत चोर शिरले ते बाहेरून जोडणी घेण्याच्या एका जुन्या खात्यातून. ते खातं वापरात असायलाच नको होतं. त्याला फक्त पासवर्ड होता, दुसरा पुरावा मागितला जात नव्हता. पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी मोठी वाहिनी काही दिवस बंद राहिली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. तुमच्याकडे पाइपलाइन नसेल, पण सोडून गेलेल्यांची खाती नक्की असतील. राजीनामा दिलेल्या माणसाकडून आपण लॅपटॉप, ओळखपत्र परत घेतो आणि ‘नो ड्यूज’वर सह्या घेतो. त्याच कागदावर ‘सर्व्हरवरचं खातं बंद’ अशी एक ओळ वाढवा आणि तिच्यापुढे सही मागा. खातं काढून मात्र टाकू नका, लॉक करा. रेडमाइनमध्ये खातं काढून टाकलं की त्या माणसाने लिहिलेल्या नोंदी निनावी होतात. लॉक केलं तर त्याला शिरता येत नाही आणि नाव जागेवर राहतं.

पासवर्डबरोबर दुसरा पुरावाही मागा. २०२१ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून रेडमाइनमध्ये मोबाइलवरच्या ॲपचा बदलता कोड मागण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे ॲडमिनचे अधिकार आहेत त्यांनी तरी तो सक्तीने वापरावा. खात्याच्या पानावर एपीआय की नावाची अक्षरांची लांबलचक माळ असते. दुसऱ्या प्रोग्रामला रेडमाइनशी बोलायचं असेल तर ती देतात. एपीआय चालू असेल तर ती पासवर्डच्याच तोलाची आहे आणि ती वापरताना मोबाइलचा कोडही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती टाकू नका. चुकून कुठे गेलीच तर त्याच पानावर बदलून घ्या.

हे सगळं एका दिवसात लावता येतं. अवघड आहे ते टिकवणं, कारण माणसं बदलतात, कामं बदलतात. त्यासाठी वेगळी समिती नको. दर महिन्याला पगाराची यादी होतेच. त्याच दिवशी सर्व्हरवरच्या खात्यांची यादी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पगाराच्या यादीत नसलेलं जे नाव सर्व्हरवर दिसेल, ते कोणाचं आणि कोणाच्या सांगण्यावरून आहे, हे विचारा. क्लायंट असेल, सल्लागार असेल, तर त्याचं काम कधी संपतं ती तारीख लिहून ठेवा. ज्या नावाचं उत्तर कोणालाच देता येणार नाही, ते खातं त्याच दिवशी लॉक करा. कोणाचं काम अडलं तर फोन येईलच.