ताप उतरला, म्हणून लगेच कामाला?

डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'उतरला बाई ताप, सुटलो एकदाचे!' आणि जिचा ताप उतरला ती दुसऱ्या दिवशी चुलीपुढे, नाहीतर निंदणाला. मैत्रिणींनो, खरं जपायचं ते याच दिवशी.

का, ते सांगते. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एकपदरी, नाजूक अस्तर असतं. अंगात रोगजंतू शिरला की पांढऱ्या पेशी रसायनं सोडून या अस्तराला निरोप धाडतात, 'वाट द्या.' अस्तरही गप्प बसत नाही. ते वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चिकटवून धरतं आणि आपले सांधे थोडे सैल करून त्यांना पलीकडे जाऊ देतं. बोटात काटा रुतला की ती जागा सुजते, ती याच बोलण्यातून. तिथं ते कामाचंच. डेंग्यूत मात्र निरोप अंगभर फिरतात, शिवाय विषाणूचं एक प्रथिनही अस्तर सैल करतं. मग काहींच्या रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब घसरतो. ही गळती सुरू होते साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकी ताप उतरताना, आणि एक-दोन दिवस टिकते.

बहुतेक जण बरे होतात, हे खरं. पण आपण सगळे प्लेटलेटचा आकडा धरून बसतो आणि पपईच्या पानांचा रस शोधत फिरतो. त्या रसानं गळती बुजत नाही. रिपोर्टमधला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा घट्टपणा, तोही डॉक्टरांना विचारा की! पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा. अ‍ॅस्पिरीन, ब्रुफेनसारख्या गोळ्या तर मनानं घेऊच नका.

राहता राहिले डास. 'पाणी साठवू नका' हे भिंतीवर लिहायला सोपं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह आटले तेव्हा यवतमाळच्या बायकांनी ड्रम भरून ठेवायचे नाहीत तर काय करायचं होतं? नळ रोज येत नसेल तर साठवण होणारच. ड्रमवर घट्ट कापड बांधणं, आठवड्यातून एकदा ड्रम आणि कूलरची टाकी रिकामी करून घासणं, एवढं आपल्या हातात. तेही काम बाईच्याच वाट्याला येतं. निदान तिचा ताप उतरल्यावरचे दोन दिवस तरी घासणी दुसऱ्या कुणी हातात घ्यावी.